पाळणा लांबवायचाय आणि लागणही टाळायचीय: हे दोन वेगळे प्रश्न आहेत

प्रश्न असा आला आहे. वय २७, लग्नाला दीड वर्ष झालं. नोकरीपायी नवरा नाशिकला, बायको अहिल्यानगरला, भेट फक्त शनिवार-रविवारची. मूल दोनेक वर्षांनी हवं आहे. आठवड्यातून एकदा भेटायचं तर रोज गोळी कशाला, म्हणून संबंध आला की मेडिकलमधून ‘७२ तासांची गोळी’ आणून घेतात. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. आता पाळी कधीही येते. काही महिन्यांपासून अंगावरून पांढरं जातं, लघवीला जळजळ होते. त्यावरही मेडिकलमधूनच गोळ्यांचं पाकीट घेतलं. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. त्या विचारतात: ‘दिवस जाण्याची भीती आणि रोगाची भीती, दोन्ही एकदम जातील असं एकच काहीतरी सांगा. मूल झाल्याशिवाय तांबी बसवत नाहीत असं सासूबाई म्हणतात, ते खरं का? आणि नवऱ्याला तपासणी करून घे, हे कोणत्या तोंडाने सांगू?’

दोन्ही कामं करणारं साधन एकच आहे, कंडोम. पण दिवस जाऊ नयेत यासाठी केवळ त्याच्यावर विसंबून राहा असं मी तुम्हाला सांगणार नाही. दर वेळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नीट वापरला तर वर्षभरात शंभरांतल्या दोनच जोडप्यांत दिवस जातात. प्रत्यक्षात माणसं जशी वापरतात तशा वापरात हा आकडा तेराच्या आसपास जातो. तांबीत तो शंभरात एकाहूनही कमी आहे. उलट तांबी, गोळ्या, इंजेक्शन, ऑपरेशन यांतलं काहीही लागणीपासून तसूभरही वाचवत नाही. गोळी चुकवत नाही म्हणून आपण सुरक्षित, असं समजणाऱ्या बायका मला फार भेटतात आणि त्यांची मला काळजी वाटते. म्हणून दिवस जाऊ नयेत यासाठी काय आणि लागण होऊ नये यासाठी काय, हे दोन निर्णय वेगवेगळे घ्या.

सगळ्यांत आधी उद्या सकाळच्या पहिल्या लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करा. पाळी कधीही येते म्हणजे चुकली कधी हे तुम्हाला कळणारच नाही. मधेच झालेला थोडासा रक्तस्राव म्हणजे पाळीच असेल असं नाही. शेवटच्या संबंधाला तीन आठवडे झाले नसतील, तर आजची निगेटिव्ह टेस्ट पक्की धरू नका, तीन आठवडे भरले की पुन्हा करा.

आता ७२ तासांच्या गोळीबद्दल. ही गोळी बीजांड बाहेर पडणं काही दिवस पुढे ढकलते. तिचं काम एवढंच. बीजांड आधीच बाहेर पडलं असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि गर्भ रुजला असेल तर काहीच होत नाही. त्यामुळे ‘७२ तास आहेत ना अजून’ म्हणून थांबू नये, जितकी लवकर घ्याल तितकी ती कामाची. तुमच्या बाबतीत खरी मेख पुढे आहे. शनिवारी संबंध आला, रविवारी गोळी घेतली, बीजांड पुढे ढकललं गेलं. ते बाहेर पडायला आलेलं असतं नेमका पुढचा शनिवार उजाडतो, आणि मागच्या रविवारची गोळी त्या शनिवारला राखण देत नाही. म्हणजे गोळी घेऊनही धोका संपत नाही, तारीख फक्त बदलते. शिवाय तिच्यात १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असतं. रोजच्या ‘माला-एन’च्या एका गोळीत ते ०.१५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे दहापट मात्रा एका घोटात. महिन्यातून तीनदा असा धक्का बसल्यावर पाळीने वेळ पाळावी कशी? एक भीती मात्र काढून टाका: या गोळ्यांमुळे पुढे मूल होत नाही, हे खोटं आहे. कंडोम फाटला, रोजच्या दोन-तीन गोळ्या चुकल्या, कुणी जबरदस्ती केली, अशा वेळी ही गोळी घ्यायलाच हवी आणि घेताना अपराधी वाटण्याचं कारण नाही. घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. पाळी ठरल्या तारखेपेक्षा आठवडाभर लांबली तर टेस्ट करायची. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती या गोळीपेक्षा कितीतरी खात्रीची, आणि पुढची वर्षंही तीच सांभाळते. हे फार थोड्या जणींना ठाऊक असतं.

पण तांबीकडे जाण्याआधी ते पांढरं जाणं बघावं लागेल.

अंगावरून जाणारं सगळंच पांढरं रोगाचं नसतं, आणि रोगाचं असलं तरी ते संबंधातूनच आलं असं नसतं. दह्याच्या कवडीसारखं घट्ट आणि प्रचंड खाज, असं असेल तर बहुधा बुरशी, म्हणजे फंगस. पातळ, करडं आणि मासळीसारखा वास, विशेषतः संबंधानंतर, असं असेल तर योनीतल्या नेहमीच्या जंतूंचा तोल बिघडलेला असतो. या दोन्हींना गुप्तरोग म्हणत नाहीत, त्यांवरून कुणी कुणावर संशय घेऊ नये. पिवळसर हिरवं, फेसाळ स्राव आणि आग, असं असेल तर ट्रायकोमोनास हा परजीवी, आणि तो संबंधातून पसरतो. जळजळ नुसत्या लघवीच्या इन्फेक्शनचीही असू शकते, त्यासाठी लघवीची तपासणी पुरते. हे वर्णन वाचून घरी निदान करू नका. कारण एकाच वेळी दोन-दोन गोष्टी असतात, आणि गर्भपिशवीच्या तोंडाशी पू आहे का हे आत पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

मेडिकलमध्ये मिळणारं ते पाकीट म्हणजे बुरशीवरची एक, जंतूंवरची एक आणि परजीवीवरची एक, अशा गोळ्या एकत्र. अंधारात तीन दगड मारायचे, एखादा लागला तर लागला. औषध अपुरं पडतं, त्रास तात्पुरता दबतो, पुढे तपासणीत नेमकं काही सापडत नाही, आणि नवऱ्याला तर औषध मिळालेलंच नसतं. परमा, म्हणजे गनोरिया, अनेक अँटिबायोटिक्सना दाद देईनासा झाला आहे त्यामागे अशा अर्धवट औषधोपचारांचाही वाटा आहे.

जे त्रास देत नाही त्याची मला जास्त काळजी असते. गनोरिया आणि क्लॅमिडिया बाईच्या शरीरात बहुतेक वेळा गुपचूप राहतात. ना खाज, ना दुखणं. पिशवीच्या तोंडातून ते वर चढतात, गर्भनलिकांना सूज येते, आतून त्या चिकटतात. मूल होत नाही म्हणून आलेल्या बाईचा नळ्यांचा एक्स-रे काढला की आत सोडलेलं रंगद्रव्य (डाय) दोन्हीकडे अडकलेलं दिसतं, आणि ‘मला कधीच काही त्रास नव्हता हो डॉक्टर’ असं ती म्हणते तेव्हा ती खरंच बोलत असते. (आपल्याकडे क्षयरोगही नळ्या बंद करतो, त्यामुळे अशा प्रत्येकीला हाच रोग झाला होता असं कुणी समजू नये.) नळी अर्धवट अडलेली असली तर गर्भ नळीतच राहण्याचा धोका वाढतो, आणि नळी फुटली तर जिवावर बेतू शकतं. दोन वर्षांनी मूल हवं असेल तर आज नळ्या जपायला हव्यात.

गरमी, म्हणजे सिफिलिस, असाच फसवा. न दुखणारा एक व्रण येतो, औषधाविना भरून जातो, माणूस निश्चिंत होतो. रक्तात रोग राहतो तो राहतोच, आणि पुढे दिवस गेले तर पोटातल्या बाळाला गाठतो. तपासणी रक्ताची, व्हीडीआरएल नावाची, साधी आणि स्वस्त. उपचार पेनिसिलिनचा, जुना आणि आजही उत्तम.

तेव्हा तुम्ही करायच्या गोष्टी: स्त्रीरोगतज्ज्ञाकडून आतून तपासणी, लघवीची तपासणी, एचआयव्ही, व्हीडीआरएल आणि हिपॅटायटिस बी. गनोरिया आणि क्लॅमिडियाची तपासणी स्रावाच्या किंवा लघवीच्या नमुन्यावर मोठ्या लॅबमध्ये होते, थोडी महाग असते, जमत असेल तर करा. खासगीत खर्च झेपत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये ‘सुरक्षा क्लिनिक’ विचारा. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसी या सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो. तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. फोनवर बोलायचं असेल तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे. धोका घडल्या-घडल्या केलेली तपासणी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करायची असते.

तपासणीत पू किंवा सूज दिसली तर आधी उपचार, मग तांबी. तांबी बसवल्यानंतरच्या पहिल्या वीसेक दिवसांत इन्फेक्शन वर चढण्याचा धोका थोडा जास्त असतो. कारण तोंडाशी असलेले जंतू बसवताना आत ढकलले जातात. त्यानंतर तांबीमुळे धोका वाढत नाही.

आता सासूबाईंचं म्हणणं. मूल न झालेल्या बाईला तांबी बसवता येते. पिशवीचं तोंड जरा घट्ट असतं, बसवताना थोडं जास्त दुखतं, निसटण्याचं प्रमाण किंचित अधिक असतं, एवढाच फरक. त्यांच्या काळात डॉक्टरच नाही म्हणायचे, त्यामुळे त्यांना दोष देऊ नका. ‘टी’ आकाराची प्लास्टिकची लहानशी काडी, तिला तांब्याची तार गुंडाळलेली. तांब्यामुळे शुक्रजंतू लुळे पडतात. ३८० नंबरची तांबी दहा वर्षं चालते, ३७५ ची पाच. सरकारी दवाखान्यात दोन्ही मोफत. टेबलावर झोपायचं, योनी उघडी धरणारं साधन (स्पेक्युलम) आत घालून जागा स्वच्छ करतात, सळईने पिशवीची लांबी मोजतात (पोटात कळ येते ती इथे), मग बारीक नळीतून तांबी आत सोडतात, दोरा कापतात. पाच-सात मिनिटांचं काम. तो दोरा थोडा लांबच ठेवायला सांगा. फार आखूड कापला तर टोचतो, लांब असला तर मऊ पडून आत वळतो आणि नवऱ्याला जाणवत नाही. पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते, पोट जास्त दुखतं. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, म्हणून बसवण्याआधी हिमोग्लोबिन बघा आणि कमी असेल तर लोहाच्या गोळ्या सुरू करा. तांबी पोटात चढत नाही, छातीपर्यंत तर मुळीच नाही. बसवताना पिशवीला भोक पडणं हे हजारात एखाद्या वेळी घडतं, आणि म्हणूनच शिकलेल्या हातांकडून बसवायची. मूल हवंसं वाटलं की काढली, त्याच महिन्यात दिवस जाऊ शकतात.

आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या, दोन वर्षं थांबायचं असलेल्या जोडप्याला मी तांबीच सुचवेन. काही आठवायचं नाही, काही विकत आणायचं नाही.

ती नको असेल तर रोजची गोळी. संबंध आठवड्यातून एकदा असले तरी गोळी रोजच घ्यायची, तिचं काम बीजांड थांबवण्याचं आहे आणि ते रोजच्या रोज चालतं. ‘माला-एन’च्या पाकिटात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या असतात. एक चुकली तर आठवल्याबरोबर घ्या. लागोपाठ दोन चुकल्या तर गोळ्या चालू ठेवून पुढचे सात दिवस कंडोम वापरा. ब्लड प्रेशर असेल, डोळ्यांसमोर चमकतं आणि मग अर्धशिशी उठते असं असेल, पायात रक्ताची गाठ झाली असेल, पस्तिशीपुढे तंबाखू ओढत असाल, बाळ अंगावर पिणारं आणि सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर ही गोळी नको. क्षयरोगाचं औषध चालू असेल तर नक्की सांगा. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे या गोळीचा असर उतरतो. फिट्सच्या काही औषधांचंही तसंच.

‘छाया’ ही वेगळी गोळी, तिच्यात हार्मोन नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ती तयार झाली, पूर्वी ‘सहेली’ या नावाने सगळ्यांना माहीत होती. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पाळी लांबते, ती ज्यांना सहन होत नाही त्या घाबरून सोडतात. तुमची पाळी आधीच विस्कटलेली आहे, तेव्हा तुमच्यासाठी हा माझा पहिला पर्याय नाही.

‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. सरकारी केंद्रात मोफत, घरात कुणाला कळतही नाही, आणि काही घरांत ते महत्त्वाचं असतं. सुरुवातीला थेंब थेंब जातं, पुढे अनेकींची पाळीच बंद होते. ते रक्त आत साठत नाही, अस्तरच तयार होत नाही. पण शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हे तुमच्या दोन वर्षांच्या हिशेबात धरा. कॅलेंडर बघून ‘सेफ’ दिवस पाळणं तुमच्या पाळीत शक्य नाही. आणि ऐन वेळी बाजूला होण्यावर भरवसा ठेवणाऱ्या शंभरांतल्या वीसेक बायकांना वर्षभरात दिवस जातात.

कंडोमवर जरा सविस्तर लिहिते. ‘वापरला होता तरी फाटला’ असं सांगणाऱ्यांना खोदून विचारलं की बहुतेक वेळा तेल निघतं. खोबरेल तेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल, कोल्ड क्रीम, काहीही लावलं की रबर काही मिनिटांत कमजोर होतं. कोरडेपणा असेल तर पाण्याच्या बेसची जेली वापरा. तुमच्यासाठी खास सूचना: बुरशीवर योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा क्रीम यांतही बऱ्याचदा तेलाचा अंश असतो, तेव्हा तो कोर्स संपेपर्यंत संबंध टाळलेलेच बरे. पाकीट दातांनी फाडायचं नाही. महिनोन्‌महिने पँटच्या मागच्या खिशातल्या पाकिटात दबलेला कंडोम वापरायचा नाही. टोक चिमटीत धरून हवा काढायची, मग मुळापर्यंत उलगडायचा. संबंध संपल्यावर ताठरता असतानाच मुळाशी धरून बाहेर काढायचा. एकावर एक दोन घातले तर घर्षणाने दोन्ही फाटतात. अगदी शेवटी चढवला तर ना दिवस टळतात ना लागण. निरोध आशाताईंकडे आणि उपकेंद्रात मिळतो.

कंडोम एचआयव्ही, गनोरिया, क्लॅमिडिया यांपासून चांगला वाचवतो. हर्पिस, गरमीचा व्रण आणि एचपीव्ही नावाचा विषाणू यांपासून थोडा कमी, कारण ते झाकल्या न गेलेल्या कातडीवरूनही जातात. एचपीव्हीतूनच पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो. त्यावर लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचीही आता मिळते. संबंध सुरू होण्याआधी, ९ ते १४ वयात दिली तर ती सगळ्यांत उपयोगी. घरात भाची-पुतणी असेल तर तिच्या आईशी नक्की बोला. तुम्ही २७ व्या वर्षी घेतली तर फायदा कमी, पण शून्य नाही. लस घेतली तरी तिशीनंतर पिशवीच्या तोंडाची तपासणी करायचीच. हिपॅटायटिस बीची तपासणी निगेटिव्ह आली आणि लहानपणी लस झाली नसेल, तर सहा महिन्यांत तीन डोस दोघांनीही घ्या.

नवऱ्याशी बोलणं हा तुमच्या पत्रातला सगळ्यांत अवघड भाग. त्याला सांगा: ‘मूल हवंय, त्याआधी डॉक्टरांनी दोघांच्या रक्ताच्या तपासण्या सांगितल्यात. माझी झाली, आता तुझी.’ यात खोटं काहीच नाही, मीच सांगते आहे. माझ्याकडे बहुतेक नवरे बाहेरच्या बाकावर मोबाइल बघत बसलेले असतात. बायकोची परवानगी घेऊन मी त्यांना आत बोलावते, खुर्ची देते, दोघांना एकत्र समजावते. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे हे माझ्यामुळे झालं का?’ मी सांगते की कुणामुळे हे तपासणीतून कळत नाही. काही लागणी लग्नाआधीपासून, वर्षानुवर्षं, लक्षणांशिवाय अंगात असतात. औषध दोघांनी एकाच वेळी घ्यायचं आणि संपल्यावर सात दिवस संबंध ठेवायचा नाही, नाहीतर एकमेकांना तोच रोग परत देत बसाल. आरोपाचा सूर नसला की बहुतेक पुरुष तयार होतात. घरी हा विषय काढला तर मारहाण होईल अशी भीती असेल, तर आधी बोलू नका. एकट्या या, तुमचा उपचार सुरू करू, समुपदेशकाशी बोला. महिलांसाठी १८१ हा क्रमांकही आहे.

समाजसुधारक र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ साली. संततिनियमन आणि गुप्तरोग, दोन्हींवर त्यांनी मराठीत उघडपणे लिहिलं आणि त्यासाठी खटले सोसले. शंभर वर्षांनंतरही जबाबदारी मात्र बाईच्याच अंगावर आहे. महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी जवळपास निम्म्या जणींची नसबंदी झालेली आहे, पुरुषांचं प्रमाण शंभरात एकही नाही. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आणि कमी जोखमीची. त्याने ताकद कमी होत नाही, कामात फरक पडत नाही. फक्त पहिले तीन महिने कंडोम वापरून, मग वीर्य तपासून खात्री करायची. तुम्हाला आज याची गरज नाही. पण हे उत्तर ज्यांना दोन मुलं झाली आहेत अशी जोडपीही वाचतील, म्हणून लिहिलं.

टेस्ट पॉझिटिव्ह आलीच, तर मेडिकलमधून पाडण्याच्या गोळ्या आणू नका. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो जात नाही, आणि रक्तस्राव सुरू झाला म्हणजे काम झालं असं वाटून वेळ निघून जातो. गर्भपात आपल्याकडे १९७१ पासून कायदेशीर आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने होतो, सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, आणि लग्न झालेलं असो वा नसो, नाव गुप्त राहतं. सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच आहे हे आधी पाहून घ्यायचं.

जबरदस्तीतून किंवा कंडोम फाटून एचआयव्हीचा धोका वाटला, तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात जा. २८ दिवसांचं प्रतिबंधक औषध मिळतं, आणि तेही जितकं लवकर तितकं चांगलं.

या शनिवारपासून तपासण्यांचे निकाल येऊन उपचार पूर्ण होईपर्यंत कंडोम. निकाल चांगले आले की पुढच्या पाळीत तांबी, आणि चार-सहा आठवड्यांनी दोरा बघायला पुन्हा दवाखान्यात. दोघांचे निकाल स्वच्छ असतील आणि दोघंही एकमेकांपुरते असाल, तर मग कंडोमची गरज नाही. यातल्या कुठल्याही दिवशी ओटीपोटात एका बाजूला कळ उठली, चक्कर आली, ताप येऊन घाण वास सुटला, किंवा पाळी चुकून पोट दुखू लागलं, तर शनिवारची वाट पाहू नका. रात्र असली तरी त्याच रात्री दवाखाना गाठा.